कारण : सतत गैरहजर

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला क्लार्क नसतो. पोषण आहाराचा तांदूळ, यू-डायसवर भरायची शाळेची माहिती, दाखले, सगळं मुख्याध्यापकाच्या गळ्यात, आणि मधल्या वेळेत शिकवायचं.

गेल्या आठवड्यात एक मुलगा त्याच्या आत्याला घेऊन आला. जातपडताळणीसाठी आजोबांच्या नोंदीचा उतारा पाहिजे होता. २०२३ ला कुणबी नोंदी शोधायचं सुरू झाल्यापासून हे रोजचंच झालंय. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात आणि आमच्या माण तालुक्यात कित्येक घरांत तसा कागद एकच, शाळेचं जनरल रजिस्टर. जिल्हा परिषदा आल्या १९६२ ला, त्याआधीची रजिस्टरं लोकल बोर्डाची, जुनी तर मोडी लिपीत. मी मोडी मुद्दाम शिकलेय. आधी ओळभर रेघ ओढायची मग हात न उचलता खाली लिहीत जायचं, शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही, आणि आमच्या रजिस्टरात निम्म्या ठिकाणी आडनावच नाही. कडा वाळवीनं खाल्ल्यात, लोखंडी कपाट मागून मागून थकले, पण उताऱ्याला उशीर झाला की वरून विचारणा लगेच.

आजोबांचं नाव काही सापडेना. शेवटी आत्या म्हणाली, "घरात दादांना बाळा म्हणायचे, तसं बघा की." तसंच निघालं.

उतारा लिहीत होते तेवढ्यात ती म्हणाली, "बाई, माझं पण बघता का? चौथीत होते मी."

शोधता शोधता ती बोलत होती. तेव्हा शाळा मारुतीच्या देवळात भरायची. शनिवारी सकाळच्या शाळेला पोरींनी शेणानं सारवायचं, पोरांनी आडावरनं पाणी आणायचं. तिची जागा खांबाजवळ, कारण तिथं उजेड यायचा. दिडकी अजून पाठ आहे म्हणाली आणि उभी राहून म्हणायलाच लागली, एक दिडके दीड, दोन दिडके तीन, तीन दिडके साडेचार, माझी तिसरीतली पोरं दारात येऊन ऐकत राहिली.

नोंद सापडली. जन्मतारीख १ जून, त्या पानावर जवळजवळ सगळ्यांची तीच. प्रगती चांगली, वर्तणूक चांगली. शाळा सोडल्याचं कारण : सतत गैरहजर.

"गैरहजर? आवो, आई पाझर तलावाच्या कामावर जायची, ह्याचा बाप तवा रांगत होता, त्याला कुणी बघायचं? काखंला मारून आणायचे मी त्याला शाळंत. गुरुजी म्हणले, पोराला घरी ठेवून ये. कुणापाशी ठिवू?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ते गैरहजर तेवढं काढा की बाई."

भाचा खाली मान घालून बसला होता.

मला ते काढता येत नाही. शाळा सोडून गेलेल्याच्या नोंदीत मुख्याध्यापकानं खाडाखोड करायची नसते, आणि ते मला मनापासून पटतं, कुणीही उठून नोंद बदलू शकलं असतं तर भाच्याच्या हातातल्या उताऱ्याला काय किंमत राहिली असती? त्यांना तसं समजावून सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या, स्वतःचा दाखला काही मागितला नाही.

ती दोघं गेल्यावर मी १९७२-७३ ची पानं उलटली. कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत तेच दोन शब्द, आणि नावं बघितली तर बहुतेक पोरींची. दुष्काळ हा शब्द कुठंच नाही. त्या गुरुजींनी ठरलेलं वाक्य लिहिलं, नियमानं बरोबरच होतं, तरी मी त्यांना दोष देते. रकान्यात जागा होती. 'भाऊ सांभाळण्यासाठी' एवढं लिहायला कितीशी शाई लागली असती?

सध्या माझ्या चौथीतल्या दोघी आईबापाबरोबर ऊसतोडीला गेल्यात. जातील तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड भरून दिलंय, पण कारखान्याजवळच्या शाळेनं अजून त्यांना बसवून घेतलेलं नाही. तिथल्या बाई म्हणतात, धाकटी भावंडं बरोबर आणतात. उद्या परत फोन करणार आहे, आणणारच म्हणून सांगणार आहे, त्यांच्यासकट बसवा.