एकमताचे वजन

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात आम्हा मराठी मंडळींचे एक छोटे अभ्यासमंडळ आहे. विषय आहाराचा असो, इतिहासाचा असो किंवा पंचांगाचा, चर्चा रंगात आली की कोणीतरी विचारतेच, "अहो, एवढ्या विद्वानांनी एवढी वर्षे अभ्यास करून सांगितले आहे, ते सगळेच्या सगळे कसे चुकतील?" हा प्रश्न मला टाकाऊ वाटत नाही, कारण याच भरवशावर आपण डॉक्टरांनी दिलेले औषध घेतो आणि विश्वामित्रीच्या पुलावरून निर्धास्तपणे जातो. तरीही त्याचे उत्तर "चुकू शकतात" असेच द्यावे लागते. एकमताचे वजन मला डोक्यांच्या संख्येवरून किंवा वर्षांच्या हिशेबावरून ठरवता येत नाही. ती माणसे त्या निष्कर्षापर्यंत किती निरनिराळ्या वाटांनी आणि एकमेकांवर न विसंबता पोहोचली, हे पाहावे लागते.

माझे आयुष्य वडोदऱ्यात जीवशास्त्र शिकवण्यात गेले, म्हणून उदाहरणही तिथलेच देतो. मानवी पेशीत 46 गुणसूत्रे असतात, हे आज शाळकरी मुलांनाही पाठ असते. पण 1956 पूर्वीची सुमारे तीस वर्षे हा आकडा 48 असाच मानला जात होता. टेक्सास विद्यापीठातील थिऑफिलस पेंटर यांनी 1923 मध्ये तो जाहीर केला. ते काळजीपूर्वक काम करणारे संशोधक होते. 1921 च्या प्राथमिक टिपणात त्यांनी सर्वांत स्पष्ट दिसलेल्या पेशींमध्ये 46 च गुणसूत्रे आढळल्याची नोंद केली होती आणि 48 ची शक्यताही मोकळी ठेवली होती. दोन वर्षांनंतर मात्र त्यांनी 48 हा आकडा पक्का केला. त्या काळी ऊतीचे अतिशय पातळ काप घेऊन ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जात. त्यात गुणसूत्रे एकमेकांवर पडलेली असत, आणि कापताना एखाद्याचे दोन तुकडे झाले तर ती दोन म्हणून मोजली जाण्याचा संभव होता. अशा परिस्थितीत गणना चुकणे समजण्यासारखे आहे. खरा विचार करायला लावते ते त्यानंतरचे.

त्यानंतर अनेक प्रयोगशाळांनी मानवी पेशी पाहिल्या आणि त्यांनाही 48 च गुणसूत्रे सापडली. 1952 मध्ये टी. सी. शू यांना, क्षारांचे प्रमाण कमी असलेल्या द्रावणात पेशी फुगवल्या की गुणसूत्रे सुटी होऊन स्पष्ट दिसतात, असे आढळले. इतके चांगले तंत्र हाती असूनही त्यांनी आपल्या निबंधात 48 हाच आकडा दिला. स्वीडनमधील एका गटाला मानवी भ्रूणाच्या यकृतपेशींमध्ये पुन्हा पुन्हा 46 गुणसूत्रे दिसत होती; "सगळी 48 सापडत नाहीत" म्हणून त्यांनी ते काम तात्पुरते थांबवले. डोळ्यांना दिसत होते ते खरे होते, परंतु आधीच ठरलेल्या आकड्यापुढे त्यांना स्वतःचीच तयारी सदोष वाटली. अखेर डिसेंबर 1955 मध्ये लुंड येथे जो हिन चिओ आणि अल्बर्ट लेवान यांनी, भ्रूणाच्या फुप्फुसातील, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर सुधारलेली तंत्रे वापरून, 46 ची खात्री करून घेतली आणि 1956 मध्ये ती प्रसिद्ध केली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये हारवेल येथे फोर्ड आणि हॅमर्टन यांनी वृषणातील पेशींमध्ये त्याला पुष्टी दिली. पुढे 1959 मध्ये मार्थ गोतिए, जेरोम लेज्युन आणि रेमों त्युर्पां यांनी डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशींत 47 गुणसूत्रे असल्याचे दाखवले. मूळ आकडा 48 च धरला असता, तर एक गुणसूत्र अधिक असणे हे त्या स्थितीचे कारण आहे, हे कळणार तरी कसे होते?

पेंटर यांच्या निबंधानंतरची ती तीस-बत्तीस वर्षे अभ्यासाची होती हे खरे, परंतु तो प्रश्न त्या काळात खऱ्या अर्थाने एकदाच विचारला गेला होता. नंतरच्यांनी उत्तर हाती धरूनच पेशीकडे पाहिले. प्रॅक्टिकलच्या तासाला हे मी वारंवार पाहिले आहे. कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड दिली की जवळजवळ प्रत्येक जर्नलमध्ये 16 गुणसूत्रांची नोंद येई, कारण तो आकडा पुस्तकात छापलेला असे. मुले खोटे लिहीत नव्हती; सतरावे दिसले तर ते तुकडा समजून सोडत, आणि चौदाच दिसली तर उरलेली दोन सापडेपर्यंत शोधत. मग मी नाव न सांगता बाकल्याची मुळे देऊ लागलो. त्यात 12 गुणसूत्रे असतात, पण मुलांची उत्तरे दहापासून चौदापर्यंत पसरत. त्या विखुरलेल्या आकड्यांवर माझा अधिक विश्वास बसे, कारण प्रत्येकाने खरोखर मोजले होते आणि त्यांचा मध्य बाराच्या आसपास येत होता.

वैद्यकातही असे घडले आहे. 1954 मध्ये एका अमेरिकी डॉक्टरांनी जठराचे हजाराहून अधिक नमुने तपासून त्यांत जिवाणू नसल्याचे सांगितले, आणि आम्लाच्या जठरात जिवाणू टिकत नाहीत ही समजूत पक्की झाली. पर्थमध्ये रॉबिन वॉरन यांनी 1979 मध्ये जिवाणू पाहिले आणि नंतर चांदीयुक्त रंजकाने ते स्पष्ट करून दाखवले. बॅरी मार्शल यांच्यासह केलेल्या या कामाला 2005 चे नोबेल मिळाले. हजार नमुने एकाच पद्धतीने पाहिले, तर त्या पद्धतीची उणीव हजारही वेळा तशीच राहते.

हे तत्त्व आपल्या शहरातील विद्वानांनी फार वेगळ्या क्षेत्रात शिस्तीने वापरलेले आहे. येथील प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकि रामायणाची चिकित्सित आवृत्ती 1960 ते 1975 या काळात सात खंडांत प्रसिद्ध केली. नेवारी, मैथिली, बंगाली, तेलुगू, ग्रंथ (दक्षिणेत संस्कृतसाठी वापरली जाणारी लिपी), मल्याळम अशा अनेक लिप्यांतील पोथ्यांची तुलना करून तिचा पाठ ठरवलेला आहे. पाठचिकित्सेत एखादा श्लोक किती पोथ्यांत आहे, हे मोजून निकाल लागत नाही. पन्नास पोथ्या एकाच मूळ पोथीवरून उतरवल्या असतील, तर त्या पन्नास मिळून साक्षीदार एकच ठरतो. याउलट फार पूर्वी एकमेकींपासून दुरावलेल्या दोन परंपरांमधील दोनच पोथ्या जुळल्या, तरी त्या जुळण्याला मोल असते. या कामाची जेवढी ओळख वडोदरेकरांना असायला हवी तेवढी ती नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

48 ची गोष्ट सांगितली की काही जण लगेच उलट टोक गाठतात: शास्त्रज्ञ तेव्हा चुकले, म्हणून आजही त्यांचे ऐकू नये. हे मला अधिक धोक्याचे वाटते. एकमत एकदा फसले म्हणून विरोधकाचे म्हणणे आपोआप सिद्ध होत नाही. चिओ आणि लेवान यांनाही विरोधामुळे नव्हे, तर स्वच्छ मोजणीमुळे मान्यता मिळाली. शिवाय वेगवेगळ्या वाटांनी आलेले एकमत कसे असते, याचेही उदाहरण आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अणू खरोखर आहेत का, यावर वाद होता. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ जाँ पेरँ यांनी 1913 मध्ये दाखवले की ब्राउनीय गती (द्रवातील सूक्ष्म कणांची अखंड, अनियमित हालचाल), आकाशाचा निळेपणा, किरणोत्सर्ग, तप्त वस्तूंचे प्रारण अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या डझनभर वाटांनी ॲव्होगाड्रो संख्येचे (एक मोल, म्हणजे ठरावीक प्रमाणातल्या पदार्थात किती कण असतात त्या संख्येचे) जवळपास सारखेच मूल्य मिळते. अणूंचे अस्तित्व वर्षानुवर्षे नाकारणारे रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी तर त्याआधीच, 1909 मध्ये, आपल्या पाठ्यपुस्तकाच्या नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत नव्या प्रयोगांचा दाखला देऊन माघार घेतली होती.

पृथ्वीच्या तापमानवाढीबद्दलचे आजचे एकमत मी याच दुसऱ्या प्रकारात धरतो. हवामानकेंद्रांचे तापमापक, आक्रसणाऱ्या हिमनद्या, समुद्राची चढती पातळी, महासागरात सोडलेल्या तरंगत्या उपकरणांची मोजमापे, जमिनीत खोल घेतलेल्या छिद्रांतील तापमान, यांची यंत्रे वेगळी आहेत, मोजणारे वेगळे आहेत आणि प्रत्येकातील संभाव्य चुकाही वेगळ्या आहेत. त्यातला एखादा आकडा उद्या सुधारावा लागेल, आणि त्याची तपासणी व्हायलाच हवी. पण हे सगळे मार्ग एकाच दिशेने चुकत आहेत असे ज्याला म्हणायचे असेल, त्याने त्या सर्वांना एकाच वेळी फसवणारे समान कारण कोणते, तेही सांगितले पाहिजे.