बंदरात बारा तास, रोममध्ये चार

क्रूझच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘रोम’ छापलेलं असतं, पण बोट लागते चिवितावेक्कियाला. तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. खोपोलीला उतरून मुंबई बघून यायची, तसलाच प्रकार. सकाळी ७ला लागून संध्याकाळी ७ला सुटणारी बोट असेल तर बारा तास हातात आहेत असं वाटतं. आजी-आजोबा आणि पोरं बरोबर असली की प्रत्यक्षात चारच उरतात.

हिशेब शेवटाकडून मांडायचा. बोट ७ला सुटणार म्हणजे परत चढायची वेळ साधारण ६ ते ६:३०. एक गाडी रद्द झाली तरी चालावं म्हणून चिवितावेक्किया स्टेशनवर पावणेपाचपर्यंत पोचायचं. त्यासाठी रोमहून साडेतीनची गाडी, आणि ती पकडायला पावणेतीनला शेवटच्या ठिकाणाहून पाय काढायचा. आता सकाळ. आठला बोटीतून उतरलात, तर बंदराच्या मोफत बसने लार्गो देल्ला पाचे या बसथांब्यावर, तिथून पैसे देऊन दुसरी बस किंवा वीसेक मिनिटं चालत स्टेशन. रांगा धरून पावणेनऊ-नऊ वाजतात. गाडीचा तास आणि शहरातली धावपळ धरली की रोम बघायला सुरुवात होते पावणेअकराला. हे सगळं बोटीच्या घड्याळाप्रमाणे. ग्रीसकडून येणाऱ्या बोटींवर एक तासाचा फरक पडतो, म्हणून उतरताना दारावरची वेळ बघून मनगटी घड्याळ लावा आणि बोटीवर परतायला तेच माना; रेल्वेगाड्या मात्र इटलीच्या वेळेनेच चालतात.

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो चुकीच्या स्टेशनवर उतरून. बहुतेक जण सवयीने रोमा तेर्मिनीपर्यंत जातात, कारण तेच मुख्य स्टेशन. रीजनल, म्हणजे जवळच्या पल्ल्याच्या साध्या गाडीने तिथे पोचायला सव्वा तास लागतो. शिवाय चिवितावेक्कियाच्या गाड्या तिथे बहुधा पंचविसाच्या पुढच्या फलाटांवर लागतात. तिथून मेट्रोपर्यंत आजींसोबत चालायला दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. तीच गाडी त्याआधी सान पिएत्रो, त्रास्तेवेरे आणि ओस्तिएन्से या स्टेशनांवर थांबते. व्हॅटिकनला जायचं तर सान पिएत्रोला उतरा, तिथून सेंट पीटर्स बॅसिलिका या मोठ्या चर्चसमोरचा चौक चालत पंधरा मिनिटांच्या आत. कोलोसियमला जायचं तर ओस्तिएन्से. स्टेशनलगतच पिरामिदे हे मेट्रोचं स्टेशन, बी लाइनवर दुसरा थांबा कोलोसेओ. वर आलं की कोलोसियम समोरच.

रीजनल गाडीत जागा राखीव नसते. कागदी तिकीट काढलंत तर चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्या, नाहीतर खिशात तिकीट असूनही दंड. चार वर्षांखालच्या मुलांना गाडीत तिकीट नाही, त्यापुढे बारापर्यंत अर्धं. मेट्रोत दहा वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर फुकट. मोठ्यांना फाटकावर बँकेचं कार्ड टेकवून जाता येतं, पण माणशी वेगळं कार्ड हवं. एकाच कार्डावर अख्खं घर आत जात नाही.

कोलोसियम की व्हॅटिकन? दोन्ही नको. चार तासांत दोन्ही बसवणारे लोक दोन रांगा बघून परत येतात. घरात शाळकरी मुलं असतील तर कोलोसियम. चित्रं-शिल्पांची खरी आवड असलेलं कुणी असेल तर व्हॅटिकन.

कोलोसियमची तिकिटं साधारण महिनाभर आधी खुली होतात आणि भराभर संपतात. तिकिटावर नाव आणि वेळ असते, ओळखपत्र मागतात. अठरा वर्षांखाली फुकट, तरी शून्य युरोचं तिकीट काढावंच लागतं. नेमकं हेच मागे राहतं. सव्वाअकराच्या आधीची वेळ घेऊ नका. महिन्याचा पहिला रविवार सगळ्यांना फुकट, म्हणून त्या दिवशी तिकडे फिरकूही नका. शेजारचं फोरम, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष, त्याच तिकिटात येतं, पण तिथले दगड वरखाली आहेत आणि सावली कमी. गुडघे दुखणाऱ्यांनी ते रस्त्यावरूनच बघावं. बाहेर पडल्यावर सपाट रस्त्याने एक किलोमीटरवर पियाझ्झा व्हेनेझिया हा चौक, पुढे दहा-पंधरा मिनिटांवर पँथिऑन हे प्राचीन मंदिर. परतताना पियाझ्झा व्हेनेझियाहून ८ नंबरची ट्रॅम त्रास्तेवेरे स्टेशनला जाते. कामासाठी ती बंद असली तर टॅक्सी करा. तेर्मिनी गाठण्यापेक्षा तेच बरं.

व्हॅटिकनच्या दिवशी वार बघा. म्युझियम रविवारी बंद. महिन्याच्या शेवटच्या रविवारी फुकट उघडतं, पण तेव्हाच्या गर्दीत मुलं न्यायची सोय नाही. बुधवारी सकाळी पोपचं दर्शन असलं की बॅसिलिकात दुपारपर्यंत प्रवेश नसतो. आणखी एक घोळ म्हणजे म्युझियमचं दार बॅसिलिकाच्या चौकात नाही. ते उत्तरेच्या बाजूला, तटबंदीला वळसा घालून चौकापासून पंधराएक मिनिटांवर. तिकिटावरची वेळ आणि सान पिएत्रो स्टेशन यांत पाऊण तास तरी ठेवा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडीवाल्यांचं पदरावर भागतं, पण हाफ पँटीतल्या बाबांचं काय? त्यांना सकाळीच बोटीवर टोका.

रस्त्यावर छोटे काळे दगड बसवलेले असतात, त्यांत बाबागाडीची बारकी चाकं अडकतात. मोठ्या चाकांची न्या, नाहीतर कडेवर घ्यायची तयारी ठेवा. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. रोमभर ‘नासोने’ नावाचे लोखंडी नळ आहेत, दोन हजारांहून जास्त, गार पिण्याचं पाणी सतत वाहतं. तोटीच्या तोंडावर बोट दाबलं की वरच्या बारीक भोकातून धार उडते, तिला तोंड लावून प्यायचं. मुलं तिथून हलत नाहीत, तेवढी दहा मिनिटं हिशेबात धरा. जेवायला बसलात तर तास गेला. वजनावर मिळणारा पिझ्झा उभ्यानेच खा. शाकाहारी असाल तर सुप्लीपासून, म्हणजे भाताच्या तळलेल्या गोळ्यापासून, जपून राहा: दिसतो बटाटेवड्यासारखा, पण आत बऱ्याचदा मांसाचा रस असतो. पिझ्झा मरिनारावर चीजसुद्धा नसतं.

आठवडाभर आधी ‘शोपेरो’, म्हणजे संपाची तारीख, तपासा. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरलेल्या रीजनल गाड्या धावतात. यातच खरी मेख आहे. सकाळच्या गाडीने रोमला व्यवस्थित पोचाल, आणि परतीची खात्रीची गाडी सुरू होईल तेव्हा बोट शिडी उचलत असेल. संपाच्या दिवशी बोटीचीच सहल घ्या, महाग पडली तरी. ती सहल उशिरा आली तर बोट थांबते. स्वतःहून गेलेल्यांसाठी थांबत नाही, पुढच्या बंदराला पदरच्या खर्चाने गाठायचं.

म्हणूनच व्हिसाकडे आधीच बघा. मधे तुर्कस्तानातल्या कुशादासीसारखं शेंगेनबाहेरचं, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांबाहेरचं बंदर असेल तर शेंगेन व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच लागतो. काही बोटी पासपोर्ट स्वतःकडे ठेवतात. ओळखपत्र म्हणून काय न्यायचं ते आदल्या संध्याकाळी रिसेप्शनवर विचारून घ्या, पासपोर्टची झेरॉक्स प्रत्येकाकडे वेगळी द्या, आणि त्या दिवसाच्या पत्रकावर छापलेला पोर्ट एजंटचा, म्हणजे बोटीच्या बंदरातल्या प्रतिनिधीचा नंबर कागदावर लिहून घ्या. फोनची बॅटरी दुपारी तीनलाच संपते.