जावक क्रमांक

मंगळवारी रात्री साडेआठला आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर महापालिकेच्या पत्राचं एक चित्र येऊन पडलं. बुधवारी सकाळी ९ पासून गुरुवारी सकाळी ९ पर्यंत, म्हणजे सबंध चोवीस तास, पाणी बंद. पुढच्या दहा मिनिटांत आमची इमारत खडबडून जागी झाली. वरच्या मजल्यावर कुणीतरी स्टीलचं पिंप फरफटत नेलं, खालून बादल्यांचा खणखणाट. सासूबाईंनी माळ्यावरचं पितळी घंगाळ काढायला लावलं. मी कुकर भरला, चहाचं पातेलं भरलं, मुलांच्या शाळेच्या बाटल्यासुद्धा भरल्या.

बुधवारी सकाळी पाणी आलं. नेहमीपेक्षा जास्त जोरात आलं, असं सासूबाईंचं म्हणणं. घरात पाय ठेवायला जागा नव्हती आणि नळ धो धो वाहत होता.

समोरच्या दारातले काका जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत चौतीस वर्षं लिपिक होते, निवृत्त होताना अधीक्षक झाले. त्यांना ते चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फोन नाकाजवळ नेला.

"वरचं कुठाय?"

"वरचं काय?"

"जावक क्रमांक. दिनांक. कुणीतरी या पत्राचं डोकंच उडवलंय."

जावक क्रमांक म्हणजे कार्यालयाबाहेर जाणाऱ्या पत्राचा नंबर. तो खरंच उडवला होता. ग्रुपवरच्या कुणालातरी वरच्या त्या दोन ओळी अडचणीच्या वाटल्या असणार. चित्र नीटनेटकं दिसावं म्हणून कापल्या. शोध घेतल्यावर कळलं की पाणी बंद होणार होतं हे खरंच, फक्त दोन वर्षांपूर्वीच्या बुधवारी. ठाण्यात पाण्याचं शटडाऊन पुष्कळदा बुधवार-गुरुवार धरून येतं, त्यामुळे जुनं पत्र काढलं तरी वार जुळून जातो.

मला स्वतःला शटडाऊनच्या संदेशांतली, पाणी कुठे कुठे नाही याची यादी फार आवडते. ऋतुपार्क, जेल, गांधीनगर, रुस्तमजी, सिद्धांचल, समतानगर, सिद्धेश्वर, इटर्निटी, जॉन्सन, कळवा, मुंब्रा. दहावीच्या निकालात नंबर शोधावा तशी मी त्यात 'समतानगर' शोधते, आणि सापडलं की दचकते. पुण्याच्या नणंदेनं एकदा ती मोठ्यानं वाचली आणि विचारलं, "अगं, जेलमध्ये पाणी नाही, मग कैद्यांचं काय?" आमचं मध्यवर्ती कारागृह जुन्या किल्ल्यात आहे, पण यादीतलं 'जेल' म्हणजे पाण्याची टाकी, हे तिला समजावता समजावता चहा उकळून खाली आला. बरं, यादी दर वेळी तीच नसते. ठाण्याला पाणी चार ठिकाणांहून येतं: महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम ही पाणी पुरवणारी कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका. स्वतःच्या योजनेचं पाणी भातसा नदीवर पिसे इथे उचलतात आणि टेमघरला शुद्ध करतात. यातलं जे बंद, त्यावर अवलंबून असलेल्यांची यादी. म्हणून एका गल्लीत ठणठणाट आणि पलीकडच्या गल्लीत गाड्या धुणं चाललेलं, असा देखावा इथे कुणाला नवा नाही.

यादी संपली की खालचं वाक्य ठरलेलं. पाणीपुरवठा सुरळीत होईपर्यंत पुढील एक ते दोन दिवस कमी दाबाने पाणी येण्याची शक्यता आहे, तरी नागरिकांनी पाणी काटकसरीने वापरून सहकार्य करावे. कोरड्या नळाशी सहकार्य कसं करतात, हे मला अजून जमलेलं नाही.

शाळेत आमच्या मराठीच्या बाई कर्ता शोधायला लावायच्या. "क्रियापदाला विचारा, कोण?" म्हणायच्या. मी आता या वाक्यांना विचारून बघते. कळविण्यात येते की. कोण कळवतं? बंद ठेवण्यात येणार आहे. कोण ठेवणार? कारवाई करण्यात येईल. कोण करील? सगळं 'येतं'. पाऊस येतो, झोप येते, तसं कळविण्यातही येतं.

काकांना हे सांगितलं तर ते उखडले. "कर्ता नाही कसा? आत चिक्कार कर्ते असतात!"

मग त्यांनी मला आतलं सांगितलं. फाईलला कार्यालयात नस्ती म्हणतात. (नसती उठाठेव हा विनोद त्यांनी चौतीस वर्षं ऐकलाय, तेव्हा मी गिळून टाकला.) नस्तीला दोन बाजू. एकीकडे पत्रव्यवहार, म्हणजे बाहेरून आलेलं आणि बाहेर गेलेलं सगळं. दुसरीकडे टिपणी, म्हणजे घरातलं आपसातलं बोलणं. लिपिक लिहितो, "सादर". त्याखाली सही, तारीख. वरचा लिहितो, "चर्चा करावी". सही, तारीख. त्याच्या वरचा लिहितो, "पूर्वपीठिका जोडा", आणि नस्ती परत खाली. काम पाण्याचं असेल तर कनिष्ठ अभियंता, उपअभियंता, कार्यकारी अभियंता अशी ती चढत जाते. प्रत्येक पायरीवर कुणाचं काय मत, कुठल्या दिवशी, सगळं नोंदलेलं. अक्षरावरून, शाईच्या रंगावरून, सहीच्या शेपटीवरून काका सांगू शकत की साहेब त्या दिवशी घाईत होते की रागात. "आणि मान्य लिहिण्याऐवजी 'पाहिले' लिहिलं असेल, तर समजावं की साहेबांना उद्या नाही म्हणायची सोय ठेवायची आहे."

एवढ्या सह्या गोळा करून ती गोष्ट दाराबाहेर पडते तेव्हा तिच्या अंगावर एकही नाव उरत नाही. जावक लिपिक नोंदवहीत एक आकडा टाकतो आणि तोच आकडा पत्राच्या डोक्यावर बसतो. आत मागे जायचं झालं तर धागा तेवढाच. आमच्या ग्रुपनं नेमका तोच कापला होता.

काकांची स्वतःची एक गोष्ट आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांना पाणी बंदच्या सूचनेचा मसुदा करायला सांगितलं. त्यांनी लिहिलं, "उद्या पाणी येणार नाही. आज भरून ठेवा." नस्ती परत आली, समासात शेरा: भाषा कार्यालयीन नाही. त्यांनी 'येणार नाही'चं 'बंद राहील' केलं. परत. मग 'बंद ठेवण्यात येईल'. मग 'बंद ठेवण्यात येणार असल्याचे कळविण्यात येत आहे'. सातव्या दिवशी 'मान्य' मिळालं. सात शब्दांचे सत्तर झाले होते. "आणि सूचना फलकावर लागली तेव्हा पाणी जाऊन परत आलं होतं." काका हे वाढवून सांगतात यात शंका नाही, पण हसताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं.

कायद्यानं मराठी आहेच. १९६४चा राजभाषा अधिनियम आहे, महापालिका-नगरपालिकांसाठी २०२२ साली वेगळा कायदाही झाला. मात्र कुठली मराठी, हे कायदा सांगत नाही. आत लिहितात ती एक, काका आत्ता बोलतात ती दुसरी. त्यातल्या त्यात अर्धशासकीय पत्र हा प्रकार मला मनापासून आवडला. एका अधिकाऱ्यानं दुसऱ्याला नावानं लिहायचं पत्र, सुरुवात 'प्रिय' अशी. इतक्या कागदांमध्ये प्रेमाचा तेवढा एक शब्द, आणि तोही बहुतेक वेळा काम रखडलं म्हणून खरडपट्टी काढायला.

माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ साली आला. अर्ज केला की सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि टिपणीची बाजूही मागता येते. "तेव्हापासून लोक समासात जपून लिहायला लागले," काका म्हणाले. "आधी आम्ही तिथं मोकळं बोलायचो." त्यांच्या आवाजात किंचित हळहळ होती. मला ती पटली नाही, पण समजली.

कर्ता नसलेलं वाक्य नेहमीच हसण्यासारखं नसतं. पावसाळ्याच्या तोंडावर ठाण्यात धोकादायक इमारतींची यादी निघते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, राहायला अयोग्य, ताबडतोब रिकामी करायची. त्यानंतर धोका उतरत जातो: सी-२ए, सी-२बी, सी-३. भाजी आणायला जाते त्या वाटेवर अशीच एक तीन मजली इमारत होती. दाराशेजारी नोटीस चिकटवलेली, खळीचे ओघळ खाली सुकलेले, कोपऱ्यावर कुणीतरी पेइंग गेस्टची जाहिरात डकवलेली. 'इमारत तात्काळ रिक्त करण्यात यावी.' खाली उंबरठ्यावर रोज ताजी रांगोळी. मी तिथं थांबून ते वाक्य वाचायचे आणि बाईंचा प्रश्न विचारायचं टाळायचे. उत्तर आत राहणाऱ्या बाईलाच द्यायचं होतं.

ठाण्याची नगरपालिका १८६३ची, महापालिका १ ऑक्टोबर १९८२ची. जुन्या काळी गावाला काही सांगायचं म्हणजे दवंडी. दवंडी पिटणारा समोर उभा असे, त्याला थांबवून "कधीपासून रे? आमच्या आळीत पण?" असं विचारता येई. आता लाउडस्पीकरची रिक्षा येते. ती आपल्या खिडकीखाली असते तेव्हा '...ण्यात येत आहे की' एवढंच ऐकू येतं आणि मुख्य मुद्दा पुढच्या चौकाच्या वाट्याला जातो.

तीन आठवड्यांनी खरोखरचं शटडाऊन आलं. या वेळी काकांनी पत्र छापून आणलं, लिफ्टशेजारच्या फलकावर लावलं आणि जावक क्रमांकाखाली लाल रेघ ओढली. इमारत पुन्हा फरफटली, खणखणली. गुरुवारचे सकाळचे ९ वाजले, संध्याकाळ झाली, खालच्या टाकीत करंगळीएवढी धार. पत्रात 'कमी दाबाने' लिहिलेलं होतंच, त्यामुळे भांडायला जागा नव्हती.

रात्री साडेअकराला कचरा टाकायला उतरले तर कोपऱ्यावरच्या चेंबरपाशी चावीवाला उकिडवा बसला होता. बाजूला त्याची ती लांबलचक लोखंडी चावी, तोंडात मोबाइल धरून त्याचा उजेड आत पाडलेला.

"दादा, पाणी?"

त्यानं मोबाइल काढला. "आत्ता अर्धं फिरवलंय, ताई. वरच्या टाकीत लेव्हल येऊ दे, दोनला मी पुरतं सोडतो. नाही आलं तर या इथं, सकाळपर्यंत मीच आहे."

वर आले तर काका दारात उभेच. सांगितलं, दोन वाजता सोडतो म्हणाला.

काकांनी जावक क्रमांक विचारला नाही. आत गेले आणि दोनचा गजर लावला.