थेरपीचं बिल आणि टीपीएचा घोळ

माझा अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याची जुनाट सूज, आटोक्यात होता. मेसालामाइनच्या गोळ्या चालू, आतड्याची सूज दाखवणारी कॅलप्रोटेक्टिन चाचणी नॉर्मल. तरी घरातून निघायचं म्हटलं की माझं पाऊल आधी संडासाकडे. पोटाच्या डॉक्टरांनीच क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. वेळही लगेच मिळाली.

घोडं अडलं बिलापाशी. ऑफिसच्या ग्रुप विमा पॉलिसीत ओपीडी, म्हणजे दाखल न होता घेतलेले उपचारही होते, म्हणून मी निर्धास्त. टीपीएचं, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या एजन्सीचं उत्तर आलं : बिल देणाऱ्या बाई डॉक्टर नाहीत. नाहीतच! त्या रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे नोंदवलेल्या आहेत. त्यांचा सीआरआर, म्हणजे तिथला नोंदणी नंबर पाठवला. मग म्हणे, डॉक्टरांची चिठ्ठी द्या. दिली. तिच्यावर नुसतं 'कौन्सेलिंग' होतं, म्हणून क्लेम 'वेलनेस'मध्ये ढकलून नामंजूर. के51, म्हणजे कोलायटिसचा कोड घातला, तर पोटाच्या दुखण्याला मानसोपचार कशाला? मानसिक आजाराचा घातला, तर सायकियाट्रिस्टची सही कुठाय? फोनवरचा मुलगा दर वेळी तेच, "मॅडम, सिस्टीमला ऑप्शनच येत नाहीये."

शेवटी सायकियाट्रिस्टना भेटले. त्यांनी लेटरहेडवर लिहून दिलं : 'कोलायटिसच्या रुग्णात ॲडजस्टमेंट डिसऑर्डर, सीबीटी आवश्यक.' म्हणजे आजाराच्या ताणाशी जुळवून घेता न येणं, आणि त्यावर विचार-वागणं बदलायची थेरपी. ते जोडून विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केला. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 21(4) त्यात टाकलं : शारीरिक आजाराला विमा जसा, तसाच मानसिक आजाराला. कायदा ओपीडी द्याच असं म्हणत नाही, पण पोटाच्या डॉक्टरची ओपीडी देता ना? पैसे आले. सुरुवातीची बिलं मात्र 'मुदत उलटली' म्हणून कापली. मुदत उलटली कोणामुळे, हे विचारायची सोय नाही. त्यांनी नाही ऐकलं तर विमा नियामक आयआरडीएआयच्या बीमा भरोसा या तक्रार पोर्टलवर जायची तयारी होती.

थेरपीने आतड्याची सूज उतरत नाही, गोळ्या सोडायच्या नाहीत. सायकॉलॉजिस्ट बाईंनी हे आधीच बजावलं होतं. त्यांनी वहीत दोन रकाने आखायला लावले, 'काय होईल वाटलं' आणि 'काय झालं'. पहिल्यात 'बसमध्येच होईल'ची रांग, दुसऱ्यात बहुतेक 'काही नाही'. मग मुद्दाम संडास शोधून न ठेवता बसने एक स्टॉप, पुढे दोन. आता स्वारगेटपर्यंत जाते.

हो, पावतीवर नोंदणी क्रमांक आणि सेशनची तारीख पहिल्याच दिवशी मागून घ्या. आणि खिशाला थेरपी झेपत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 फुकट आहे, मराठीतही बोलतात.