तुम्ही विचारलंत म्हणून: पुतळ्यावर नाव कुठंय?

लग्नात विचारतात, बँकेत विचारतात. परवा दाताच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात आरसा घालून विचारलं, "तो चौकातला पुतळा तुम्हीच घडवलात ना? मग खाली तुमचं नाव कसं नाही?" आ वासून उत्तर देता येत नाही, म्हणून लिहून देतोय.

इतकी वर्षं देत आलो ते उत्तर असं: पाटीवर जागा नसते. शुभहस्ते कोण, प्रमुख उपस्थिती कुणाची, स्वागताध्यक्ष, निमंत्रक, सौजन्य. ग्रॅनाइट संपतो, नावं संपत नाहीत. शिवाजीनगरच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधले अश्वारूढ महाराज 1928 पासून तिथं आहेत. रोज त्या रस्त्यानं जाणाऱ्या दहा जणांना विचारा, शिल्पकार कोण? नानासाहेब करमरकर, अलिबागजवळच्या सासवण्याचे. ज्या पुण्याला करमरकर आठवत नाहीत, तिथं मी नाव टाकून काय दिवे लावणार?

या उत्तरावर लोक माना डोलावतात, हळहळतात, एखादा चहाही पाजतो. पण ते उत्तर अर्धंच आहे. पाटी पुतळा बसवणाऱ्या समितीची असते. सही माझी, आणि ती पाटीवर नसतेच. ती ओल्या मातीत करायची असते, बांबूच्या कोरणीनं. मातीवरून साचा निघतो, साच्यातून मेण, मेण वितळून गेलं की त्या पोकळीत ब्राँझ. सही आपली आपण मागोमाग येते, कुणाची परवानगी लागत नाही. मी करायचो. डाव्या टाचेमागे, धोतराच्या काठाखाली, जिथं फक्त पुतळा धुणारा माणूस वाकतो.

तर ते गुरुजी.

एका तालुक्याच्या गावात शाळा काढलेले. नऊ फुटी पूर्णाकृती. फोटो चारच, त्यातल्या दोनांत चेहरा म्हणजे पांढरा ठिपका. त्यांची धाकटी लेक धायरीच्या माझ्या शेडवर तीनदा आली. फोटोत नव्हतं ते तिनं सांगितलं: गुरुजींना उजव्या कानानं जवळपास ऐकू येत नसे, म्हणून मागच्या बाकावरचं पोरगं बोललं की ते मान कलती करून डावा कान पुढं करायचे. "आम्ही घरी पण डाव्या बाजूनंच बोलायचो," ती म्हणाली. एवढं हाती लागलं की शिल्पकाराला आणखी काय पाहिजे? मी मान कलती केली, थोडी खाली, ओठ मिटलेले. तीन आठवडे मी त्या एका मानेवर होतो. आयुष्यात जी चार-पाच चांगली कामं झाली, त्यांतलं ते एक. हे मी मोजून बोलतोय.

मग समिती आली. नऊ जण, दोन गाड्या. अध्यक्ष आबा म्हणाले, "सर, काम झकास. पण मान सरळ करा. गुरुजी शरमल्यासारखे दिसतात."

मी कानाचं सांगितलं. आबा म्हणाले, "ते आम्हाला माहितीय हो, मी त्यांचाच विद्यार्थी. पण खालून बघणाऱ्याला कुठं माहितीय?"

इथंच अडचण आहे. आबा कलेतले नव्हते, पण त्यांचं चूक नव्हतं. चौथरा आठ फुटांचा. तिथून झुकलेली मान वेगळी दिसते, भुवयांची सावली डोळ्यांवर येते. हे मला आधी सुचायला हवं होतं. मी शेडमध्ये, समोरासमोर, स्वतःच्या कामावर खूश होऊन बसलो होतो. करारात तांबं 85, कथील, जस्त आणि शिसं प्रत्येकी 5 टक्के असं मिश्रण लिहिलेलं होतं. मानेचा कोन लिहिलेला नव्हता. कला संचालनालयाच्या मान्यतेसाठी मातीचे फोटो जायचे होते, अनावरणाची तारीख धरून मांडववाल्याला इसार दिलेला होता.

मी तारेनं मान कापली. एवढ्या मोठ्या पुतळ्याचं मातीचं डोकं दोन पोरांना मिळून तोलावं लागतं. आतला पाइप गॅसनं तापवून सरळ करायचा होता, पण गॅस संपला. ते डोकं रात्रभर स्टुलावर राहिलं. वाळू नये म्हणून ओलं गोणपाट टाकताना माझ्या हाताचा धक्का नाकाला लागला आणि मी मोठ्यानं "सॉरी" म्हणालो. पोरं हसली, मीही हसलो. पण शेडमध्ये झोपायचं ठरवलेलं असूनही त्या रात्री मी घरी गेलो.

सकाळी पाइप सरळ केला. मान ताठ झाली, दोन्ही कान एका रेषेत. समिती खूश. सही मी नेहमीच्या जागी केली.

लेक पुन्हा आली ती थेट भोसरीच्या फाउंड्रीत. जोड वेल्डिंग करून झाले होते, पॅटिना, म्हणजे रसायनानं चढवायचा रंग, व्हायचा होता, धातू अजून कच्चा, पितळेसारखा पिवळा. ती पुतळ्याभोवती फिरली आणि डाव्या बाजूला थांबली, जिथं ती लहानपणापासून थांबत आली असणार. जरा वेळानं म्हणाली, "आता ऐकू येत असेल त्यांना."

चिडून म्हणाली की नाही, मला आजही कळलेलं नाही.

मिस्त्री जेवायला गेले तेव्हा जोड घासायचा ग्राइंडर तिथंच पडला होता. पुतळ्याची भिंत सात-आठ मिलिमीटरची, सही दोनेक मिलिमीटर खोल. मिनिटभरसुद्धा लागलं नाही. नंतर पोटॅशियम सल्फाइडचं पाणी आणि गॅसची ज्योत लागली, आणि तिथं काही होतं हे मलाच शोधावं लागलं. तेव्हापासून सही नाही.

बरीच वर्षं मी हे निषेध म्हणून सांगायचो. कुणाचा निषेध? कुणाला दिसलाच नाही. शेवटचा चेक मी त्याच आठवड्यात बँकेत भरला. अभिनव कला महाविद्यालयात शिकत असताना मी टिळक रोडवर फ्रेंच शिल्पकार रोदँचा बाल्झाक, म्हणजे त्या लेखकाचा पुतळा, सांगत फिरायचो: साहित्यिकांच्या संस्थेनं 1898 साली तो नाकारला, रोदँनं पैसे परत केले, पुतळा घरी नेला, आणि पॅरिसमध्ये तो ब्राँझमध्ये उभा राहिला 1939 साली, रोदँ जाऊन बावीस वर्षं झाल्यावर. त्या वयातला मी आज भेटला तर मला पुतळेवाला म्हणेल. म्हणू दे. त्याच्या शेडचं भाडं वडील भरत होते. पण सही पुसून मी हात झटकले आणि पैसे ठेवले, असं तो म्हणाला, तर माझ्याकडे उत्तर नाही.

गावात मात्र पुतळा लोकांना आवडतो. खालून, त्या चौथऱ्यावर, तो खरंच चांगला दिसतो. पुण्यतिथीला हार घातलेला फोटो लेक दरवर्षी पाठवते. सही कुठंय असं तिनं कधी विचारलेलं नाही.

आता ज्यांना वाटतं की दुसऱ्यानं ठरवलेल्या कामावर मी नाव टाकत नाही, त्यांच्यासाठी एक अडचणीची गोष्ट. शेडच्या कोपऱ्यात मंडईतल्या एका भाजीवालीचा अर्धपुतळा आहे. कुणी मागितलेला नाही, समिती नाही, चौथरा नाही. दोन वर्षं मातीतच आहे. मान मला हवी तशी आहे. खांद्यामागे, पदराखाली, सहीपुरती सपाट जागा मी आधीच करून ठेवलीय. कोरण्यांचा डबा शेजारीच असतो. काल गोणपाट भिजवलं, तिच्यावर टाकलं, वरून प्लास्टिक बांधलं आणि घरी आलो.