थिएटर सोपं, पेन ड्राइव्ह अवघड

24 मिनिटांचा माहितीपट, विषय सिंधुदुर्गातलं एक दशावतारी मंडळ. तो चार ठिकाणी दिसायला हवा होता: एका छोट्या महोत्सवात थिएटरच्या पडद्यावर, यूट्यूबवर, फोनवर रील म्हणून, आणि मंडळाच्या मालकांच्या घरी टीव्हीवर. धास्ती थिएटरची होती, घाम काढला टीव्हीने.

एडिट पक्कं झाल्यावर आधी एकच मास्टर काढला: प्रोरेस 422 एचक्यू (कमी दाबलेली, म्हणून मोठी पण चांगल्या चित्राची फाइल), 4के, आवाज 48 किलोहर्ट्झ. पुढची प्रत्येक फाइल त्यातूनच. एमपीफोरवरून पुन्हा एमपीफोर काढत गेलं की चित्र दर वेळी थोडं खराब होतं.

थिएटरला डीसीपी लागतो, म्हणजे सिनेमाच्या प्रोजेक्टरला समजेल असं फाइलींचं फोल्डर. नावाचंच दडपण जास्त. ‘डीसीपी-ओ-मॅटिक’ हे फुकट सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेमचं जेपीईजी 2000 प्रकारचं चित्र करतं, रंगही सिनेमाच्या मापात बसवून देतं. 1998 बाय 1080 च्या चौकटीत 1920 रुंदीचं चित्र ठेवलं की दोन्ही बाजूंना 39 पिक्सेलची काळी पट्टी उरते, ती कुणाच्या नजरेत भरत नाही. डेटा रेट सेकंदाला 250 मेगाबिटपर्यंत चालतो. मी 100 ठेवला, फोल्डर साधारण 18 जीबीचं झालं.

अडलं ते फ्रेमवर. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून रंगमंचावरच्या ट्यूबलाइट चित्रात फडफडू नयेत यासाठी शूटिंग सेकंदाला 25 फ्रेमवर केलं होतं. थिएटरची रूढ गती 24. पंचविसाचं चोवीस केलं की चित्र चार टक्के संथ होतं आणि आवाजही खाली येतो. संवादांत ते खपलं असतं. पण बुवांनी पायपेटीवर धरलेली पट्टी उतरलेली मला चालणार नव्हती. प्रोजेक्शनवाल्या काकांना फोन केला. “एसएमपीटीई करा, पंचवीस चालतं आमच्याकडे,” एवढं बोलून त्यांनी ठेवूनही दिला. एसएमपीटीई हा डीसीपीचाच एक प्रकार, त्यात 25 फ्रेम बसतात.

यूट्यूबला मात्र 1080 दिलं नाही. दशावतार रात्रीचा, मागे मिट्ट काळोख, आणि कमी बिटरेटमध्ये, म्हणजे सेकंदाला कमी डेटा मिळाला की, त्या काळोखात चौकोन दिसायला लागतात. 4के फाइल 45 मेगाबिटने चढवली. जास्त पिक्सेलच्या चित्राला यूट्यूब बिटरेटही जास्त देतं. रीलसाठी युद्धाचा प्रसंग घेता आला नाही, उभ्या चौकटीत दोघे मावतच नाहीत. मग एकट्या संकासुराचा तुकडा 1080 बाय 1920 मध्ये कापला आणि सबटायटल वर सरकवली, कारण खाली इन्स्टाग्रामचं नाव-मथळा येऊन बसतो.

राहिला टीव्ही. यूट्यूब असो की थिएटर, काय लागतं ते कुठेतरी लिहिलेलं असतं. मालकांच्या जुन्या टीव्हीला काय झेपतं, हे त्या टीव्हीलाच ठाऊक. म्हणून आधी एक मिनिटाचा तुकडा तीन प्रकारे काढून पेन ड्राइव्हवर पाठवला. मालकांच्या मुलाचा फोन आला: “दादा, पयली फाइल बरी दिसता. दुसरेचो नुसतो आवाज येता, चित्र काळा. तिसरी उघडनाच नाय.” पहिली साधी आठ बिटची एच.264 (व्हिडिओ दाबायची जुनी, सगळीकडे चालणारी पद्धत), आवाज एएसी. दुसरी त्यानंतरची एच.265, तिसरी प्रोरेस. निकाल लागला.

पण मालकांना माहितीपटापेक्षा हौस होती अडीच तासांच्या अख्ख्या नाटकाची. टीव्ही फक्त एफएटी32 या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्ह ओळखतो, आणि त्यावर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. अडीच तास एका फाइलमध्ये कोंबायचे तर बिटरेट साडेतीन मेगाबिटच्या आसपास येतो. तेवढ्यात गप्पांचे प्रसंग निभतात. तलवारी फिरायला लागल्या की चित्राचा चिखल होतो. मी युद्धाच्या आधी नाटक तोडलं, दोन भाग केले आणि दोन्हींना सहा मेगाबिट दिले. नावं दिली ‘01’ आणि ‘02’, कारण देवनागरी नावांच्या जागी त्या टीव्हीवर चौकोन उमटत होते.

आता मंडळाच्या मुंबईकरांना ते नाटक व्हॉट्सअॅपवर हवंय. व्हिडिओ म्हणून पाठवलं तर ते पिळूनच पोचतं. डॉक्युमेंट म्हणून 2 जीबीपर्यंतचीच फाइल जाते, म्हणून दोन्ही भागांचे आणखी लहान तुकडे केले, ते डॉक्युमेंट म्हणून जोडले आणि कळवलं, वायफायवर उतरवा.