हवेचा हॉट टब: दहा आठवड्यांची नोंदवही

आधी जागा

हवा भरून फुगवायचा, गरम पाण्यात बसायचा हा टब कुठे ठेवायचा हे ठरवायलाच तीन दिवस गेले, आणि ते सत्कारणी लागले. आमच्या टबात ८०० लिटर पाणी मावतं. म्हणजे पाण्याचंच वजन ८०० किलो. त्यात तीन माणसं बसली आणि टबाचं स्वतःचं वजन धरलं की हजार किलोंच्या वर जातं. टबाचा बाहेरचा व्यास १.८ मीटर, त्यामुळे एका चौरस मीटरवर सुमारे ४०० किलो भार येतो. घराची गच्ची सहसा एवढ्या भारासाठी आखलेली नसते. गच्चीवर टब ठेवायचा विचार असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा, मगच टब मागवा. आम्ही अंगणातली फरशी निवडली.

फरशीवर पाणसळ धरली तर दोन मीटरला सव्वा सेंटीमीटर उतार निघाला. एवढा चालतो. उतार जास्त असेल तर पाणी खालच्या बाजूला रेटतं, आणि आपली भिंत हवेची आहे हे विसरून चालत नाही, ती त्या बाजूला पोट काढते. फरशी दोनदा झाडली, मग हात फिरवून बारीक खडे वेचले. तरी एक राहिलाच, तो पुढे येईल.

विजेचं काम इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं: टबासाठी वेगळी लाइन, चांगलं अर्थिंग, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच बंद होणारा स्विच. पंपाच्या प्लगवर टेस्टचं बटण असतं, ते दर वेळी टबात उतरण्याआधी दाबून बघतो. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नाही. या एका बाबतीत मी कुणाशी वाद घालत नाही.

पहिला आठवडा

टब फुगायला दहा मिनिटं पुरली. लगेच पाणी भरलं नाही, एक दिवस तसाच फुगवून ठेवला आणि व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं. नळाचं पाणी २४ अंशांवर होतं. हीटर २ किलोवॉटचा. हिशेबाने ८०० लिटर पाणी तासाला साधारण २.१ अंशांनी तापायला हवं. प्रत्यक्षात सकाळी सातला सुरू केलेला हीटर ३८ अंशांवर पोचला तो दुपारी चार चाळीसला, म्हणजे तासाला दीड अंशाच्या आतच. उरलेली ऊब कुठे गेली याचं उत्तर मला सातव्या आठवड्यात मिळालं.

पहिल्या संध्याकाळी आम्ही बुडबुड्यांचं बटण दाबलं आणि अर्ध्या तासात पाणी ३६.५ वर आलं. ब्लोअर बाहेरची थंड हवा ओढून पाण्यात सोडतो, आणि आमच्या मॉडेलमध्ये बुडबुडे चालू असताना हीटर बंद राहतो. आता बुडबुडे पहिली दहा मिनिटंच, नंतर शांत पाणी. मला तरी शांत पाणीच जास्त आवडायला लागलंय.

पीएच वर का चढतो

गुरुवारी पीएच ७.४ होता, रविवारी ८.०. पाण्यात मी पीएच वाढवणारं काहीच टाकलं नव्हतं. दोन दिवस टेस्ट स्ट्रिपवरच संशय घेतला, मग थेंबांची किट आणली. तिनेही तेच सांगितलं.

कारण पुन्हा हवाच. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांबरोबर निघून जातो. तो गेला की पाण्याची आम्लता कमी होते आणि पीएच चढतो. पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल जिरवायची ताकद, जितकी जास्त तितका हा वायू जास्त आणि चढणही वेगाची. आमची अल्कलिनिटी १२० पीपीएम (दहा लाख भागांत १२० भाग) होती.

पीएच ८ झाला म्हणून पाणी अंगाला लागत नाही, पण जंतू मारायला टाकलेलं क्लोरीन लुळं पडतं. पीएच साडेसात असताना पाण्यातलं जवळपास निम्मं क्लोरीन जंतू मारणाऱ्या रूपात असतं, आठला जेमतेम पाव उरतं. स्ट्रिप मात्र दोन्ही वेळा तोच रंग दाखवते.

त्यावर केलेला उपाय सविस्तर लिहितो, कारण नवीन टब घेतलेले बहुतेक जण इथेच अडकतात. मी अल्कलिनिटीच खाली आणली. बादलीभर पाण्यात २० ग्रॅम ड्राय अ‍ॅसिड, म्हणजे सोडियम बायसल्फेट, विरघळवलं. पावडर नेहमी पाण्यात टाकायची, पाणी पावडरीवर नाही. ते द्रावण पंप चालू ठेवून टबात सोडलं. पीएच ७.२ वर उतरला. मग झाकण काढून बुडबुडे सुरू केले. पीएच हळूहळू परत ७.८ च्या पुढे गेला, पण अल्कलिनिटी वर आली नाही, ती दर फेरीला साधारण १० ने खालीच राहिली. अशा पाच फेऱ्या, तीन दिवसांत, एकूण १०० ग्रॅम. अल्कलिनिटी ७० वर आली. तेव्हापासून पीएच दुरुस्त करायला आठवड्यातून एकदा हात लावावा लागतो, आधी एक दिवसाआड लागायचा.

माहितीपुस्तिकांमध्ये साधारण ८० ते १२० अल्कलिनिटी सांगतात. मी ६० ते ७० ठेवतो. ५० च्या खाली जाऊ देत नाही, तिथे पीएच थोड्याशा अ‍ॅसिडनेही धाडकन कोसळतो आणि हीटरच्या धातूला धोका असतो. चुकून खाली गेलीच तर खाण्याचा सोडा आहे, आमच्या पाण्यात १३ ते १४ ग्रॅमला अल्कलिनिटी १० ने वाढते.

तिसरा आठवडा: ढोल आणि उशी

दुपारी टबाच्या भिंतीवर टिचकी मारली तर ढोलासारखा आवाज. रात्री तीच भिंत उशीसारखी मऊ. मला वाटलं टब फुटला कुठेतरी. तसं नव्हतं. भिंतीतली हवा २४ अंशांवरून ४५ वर गेली तर तिचा एकूण दाब ७ टक्के वाढतो. आकडा लहान वाटतो, पण टबात हवा असते ती बाहेरच्या दाबापेक्षा थोडीच जास्त, त्यामुळे शिवणींवरचा ताण या ७ टक्क्यांनी फार वाढतो. आता भिंतीत अंगठा अर्धा सेंटीमीटर रुतेल एवढीच हवा ठेवतो, आणि दुपारच्या उन्हाच्या बाजूला एक कापड ताणून बांधलंय. रात्री भिंत मऊ लागली म्हणून लगेच पंप जोडू नका. दुसऱ्या दिवशी बरोबर त्याच वेळेला पुन्हा अंगठा दाबून बघा.

चौथा आठवडा: दोन गोष्टी एकदम

या वेळी मात्र त्याच वेळेला दाबूनही भिंत आणखी मऊ लागली. म्हणजे खरी गळती. स्पंजने साबणाचं पाणी लावत टबाभोवती गुडघ्यांवर बसून फिरलो. खालच्या कडेपासून चार बोटं वर एका जागी मोहरीएवढे बुडबुडे एकामागोमाग यायला लागले, न थांबता, अगदी शिस्तीत. डोळा जवळ नेला तेव्हा टाचणीने टोचल्यासारखं भोक दिसलं, आणि त्याच्या अलीकडे दोन बोटांएवढा ओरखडा. टब सरकवताना उरलेल्या खड्याने तो ओढला होता.

ठिगळ लावायला भिंतीतली हवा काढावी लागते, आणि पाणी तोलून धरलंय त्याच भिंतीने. तेव्हा आधी पाणी काढणं आलं. पाणी बदलायची वेळ तशीही आली होती, कारण त्याच आठवड्यात ते गढूळ झालं. क्लोरीन ४, पीएच ७.५, तरी तळ धूसर दिसायचा.

गढूळपणाचं कारण हवेत नव्हतं, डब्यात होतं. मी रोज डायक्लोर, म्हणजे क्लोरीनची एक पावडर, वापरत होतो. ते सोयीचं आहे, चटकन विरघळतं, पीएच फारसा हलवत नाही. पण त्यातून क्लोरीनबरोबर सायन्युरिक अ‍ॅसिडही येतं: १० पीपीएम क्लोरीनमागे सुमारे ९ पीपीएम. क्लोरीन रोजच्या रोज खर्च होतं, सायन्युरिक अ‍ॅसिड पाण्यातच साठत जातं. रोज तीन पीपीएमप्रमाणे चार आठवडे टाकलं तर ते ७० च्या पुढे पोचतं. थोडं असेल तर ते क्लोरीनला उन्हापासून जपतं, जास्त झालं की क्लोरीनला धरून ठेवतं आणि जंतू मारण्याचा वेग मंदावतो. ते काढायचा घरगुती मार्ग एकच, पाणी बदलणं.

हे मी मनावर घेतो, कारण ३७-३८ अंश हे आपल्याला सुखाचं आणि जंतूंनाही मानवणारं तापमान आहे. स्युडोमोनासमुळे अंगावर पुरळ उठतं, लिजिओनेला तर वाफेच्या तुषारांतून फुप्फुसापर्यंत जातो. हॉट टबात क्लोरीन ३ पीपीएमच्या खाली जाऊ द्यायचं नाही, ही रेषा मी ओलांडत नाही.

नवीन पाण्याला नवी पद्धत लावली. पहिले दहा दिवस डायक्लोर, म्हणजे सायन्युरिक अ‍ॅसिड ३० च्या आसपास येतं. त्यानंतर साधं, बिनवासाचं ५ टक्क्यांचं ब्लीच. आमच्या टबात १६ मिलिलिटर ब्लीचने क्लोरीन १ पीपीएमने वाढतं, म्हणून मापासाठी सिरिंज ठेवली आहे. ब्लीच आणि अ‍ॅसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. दोन प्रकारच्या क्लोरीन पावडरी एकमेकींत मिसळणंही तितकंच घातक, त्यांचा भडका उडू शकतो. आमच्याकडे प्रत्येक डब्याचा चमचा वेगळा, आणि चमच्यांना रंगीत दोरे बांधलेत.

पाणी किती दिवसांनी बदलायचं याचा माझा हिशेब: लिटर भागिले ११, भागिले रोज बसणारी माणसं. आमचे ८०० लिटर आणि दोघं जण, म्हणजे ३६ दिवस.

ठिगळाचं काम सावकाश केलं. भोकाभोवतीची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, पीव्हीसीचा तुकडा गोल कापला (चौकोनी तुकड्याचे कोपरे आधी सुटतात), दोन्ही बाजूंना पातळ गोंद लावून तो चिकट होईपर्यंत थांबलो, मग दाबून वर वजन ठेवलं आणि २४ तास हात लावला नाही. सहा आठवडे झाले, अजून घट्ट आहे.

फिल्टर

एक दिवसाआड धुतो. घड्या बोटांनी उघडून वरून खाली पाण्याची धार मारायची. आतून निघणारा पिवळसर बुळबुळीत थर म्हणजे आपल्याच अंगावरचं तेल आणि क्रीम. तीन कार्ट्रिज आळीपाळीने वापरतो. टबात उतरण्याआधी सगळ्यांनी साध्या पाण्याने अंघोळ करायची हा नियम केल्यापासून फेस जवळजवळ बंद झाला. कपड्यात राहिलेल्या डिटर्जंटनेही फेस येतो, म्हणून टबाचे कपडे नुसत्या पाण्यात खळबळतो.

सातवा आठवडा: झाकण

रात्री टॉर्च घेऊन झाकण बघायला गेलो आणि पट्ट्याच्या बक्कलपाशी वाफेची दोरी वर जाताना दिसली. करंगळीएवढी जाड, सरळ, तुटत नव्हती. तिथेच बसून हिशेब केला. एक लिटर पाण्याची वाफ झाली तर ती आपल्याबरोबर एवढी उष्णता नेते की उरलेलं ८०० लिटर पाणी सुमारे ०.७ अंशाने थंड होतं. पहिल्या दिवशी हीटरची ऊब कुठे गेली ते इथे कळलं, तेव्हा तर तापताना मी झाकण अर्धं उघडंच ठेवलं होतं.

बुडबुड्यांचा प्लॅस्टिक शीट गोल कापून पाण्यावर तरंगत ठेवला, बुडबुडे खाली. वर झाकण, पट्टे ओढून. आधी हीटर बंद ठेवून दहा तासांत पाणी ३८ वरून ३३.५ वर यायचं, आता ३५.५ वर थांबतं. म्हणजे रात्रीची गळती सव्वाचार युनिटांवरून अडीच युनिटांच्या आत आली. पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर महागड्या जेटवर घालू नका, या शीटवर घाला. झाकणाचे लॉक मात्र ऊब नसती तरी लावलेच असते, घरात लहान मूल असो वा नसो.

बाबा

टब मुळात बाबांच्या गुडघ्यांसाठी घेतला. कँडिडो जकुझी यांनी बाथटबात ठेवायचा पंप काढला तोही संधिवाताने त्रासलेल्या मुलासाठी, हे वाचलं तेव्हा फार जवळचं वाटलं. बाबा रक्तदाबाच्या गोळ्या घेतात, म्हणून आधी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी ३७ अंशांच्या वर नको आणि दहा मिनिटं पुरे असं सांगितलं. मी घड्याळ घेऊन शेजारी बसतो.

"बाबा, दहा झाली."

"झाली? मला तर पाचच वाटली. दे हात."

बाहेर येताना ते कड धरून आधी एक मिनिट बसतात, मग उठतात. गरम पाण्यातून एकदम उभं राहिलं की चक्कर येते, तरुणांनाही.

दहावा आठवडा

पाणी दुसऱ्यांदा बदललं त्याला पाच दिवस झाले. पाणी काढण्याआधी जेटच्या नळ्या साफ करणारं द्रावण टाकून पंप फिरवला. नळ्यांमधून निघालेले करडे तुकडे पाहिले तेव्हा कळलं, की पहिल्या वेळी हे न करता नवं पाणी भरलं ती चूक होती.

आजची नोंद: पाणी ३७, पीएच ७.५, अल्कलिनिटी ६५, क्लोरीन ४. सायन्युरिक अ‍ॅसिड १५ च्या आसपास, म्हणजे ब्लीचवर जायला अजून पाच दिवस. भिंतीत अंगठा अर्धा सेंटीमीटर रुततोय. टॉवेल खुर्चीवर टाकून बाबा दोनदा विचारून गेलेत, किती वाजता.